रोपाला कळवलं होतं का?

भालचंद्र कुलथे यांनी एकतीस वर्षांच्या नोकरीत कोणालाही आगाऊ कळवलं नव्हतं. ते वजनमापे निरीक्षक होते. आठवडी बाजारात भर दुपारी अचानक उगवायचं, तागडी उचलायची आणि पारड्याच्या बुडाला चिंच चिकटवली आहे का ते नखाने खरवडून पाहायचं, हा त्यांचा धर्म. ‘कळवलं की वजनं बदलतात’ एवढं एकच तत्त्वज्ञान त्यांनी आयुष्यभर सांभाळलं. बाकी सगळ्या विषयांत ते बायकोचं ऐकत. त्यामुळे निवृत्तीनंतर आठ वर्षांनी, २०४३च्या जानेवारीत, त्यांच्याच यकृताने त्यांना काही न कळवता साडेचार सेंटिमीटरची गाठ तयार केली, तेव्हा तक्रार करायला त्यांना तोंड नव्हतं.

डॉक्टरांनी आकडा सांगितला तेव्हा कुलथ्यांनी विचारलं की मोजलं कशाने, आणि त्या यंत्राची शेवटची पडताळणी कधी झाली होती. शेजारी बसलेल्या प्रमिलाबाईंनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. बेचाळीस वर्षांच्या संसारात या खुणेचा अर्थ ‘आता गप्प बसा’ असा ठरलेला होता. या वेळी तो हात तिथून हलेना, म्हणून कुलथे खरंच गप्प बसले.

गाठ मोठ्या रक्तवाहिनीला बिलगून होती, त्यामुळे शस्त्रक्रिया बाद. नेहमीच्या दोन औषधांना गाठीने मार्चअखेरपर्यंत दाद दिली नाही. दरम्यान संगमनेरच्या त्यांच्या घरी काढ्यांची रीघ लागली. प्रमिलाबाईंच्या श्रीरामपूरच्या भावाने तर कुरिअरने दोन कॅन पाठवले. यकृताचं दुखणं असलेल्या माणसाला आणखी दहा काढे पाजणं म्हणजे आजारी हमालाच्या डोक्यावर औषधाचीच पोती देणं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. भावाचं मनही मोडायचं नव्हतं. प्रमिलाबाईंनी काढा रोज नेमाने गॅलरीतल्या लिंबाच्या कुंडीत ओतला. पंधरा दिवसांत लिंबू वाळलं. भावाला त्यांनी कळवलं की काढा लागू पडतोय.

अशा अवस्थेत मंडळी नाशिकच्या एका संशोधन-रुग्णालयात डॉ. मृण्मयी सातभाई यांच्यासमोर येऊन बसली.

*

डॉक्टर सातभाईंकडे एक यंत्र होतं. त्याचं अधिकृत नाव इतकं लांब होतं, की ते पूर्ण उच्चारेपर्यंत रुग्णाची वेळ संपायची. रुग्णालयात सगळे त्याला आप्पेपात्र म्हणत, कारण ते दिसायचं तसंच. एका काचेच्या ताटात चारशे गोल खळगे. रुग्णाच्या गाठीचा एक कण घेऊन त्यापासून चारशे इवल्या गाठी वाढवायच्या, शेजारी त्याच माणसाच्या निरोगी यकृतपेशी ठेवायच्या आणि प्रत्येक खळग्यात एका वेगळ्या वनस्पतीच्या अर्काचा थेंब सोडायचा. पेशी योग्य रीतीने मेली की खळगा हिरवा उजळतो.

“योग्य रीतीने म्हणजे?” कुलथ्यांनी विचारलं.

डॉक्टर म्हणाल्या की काचेत पेशी मारणं फार सोपं असतं. मिठाचं पाणी जास्त झालं तरी मरतात, खोबरेल ओतलं तरी मरतात. आणि मग वर्तमानपत्रात बातमी येते की खोबरेलाने कर्करोग बरा होतो. प्रश्न दोनच असतात. पेशी कशी मेली, आणि शेजारची शाबूत राहिली का. पेशी फुटून मेली तर आतला सगळा राडा शेजाऱ्यांच्या अंगावर जातो, सूज येते. पण प्रत्येक पेशीच्या आत नीट निरोप घ्यायची सोयही असते. तिच्यात म्यानबंद कात्र्या असतात. वेळ झाली की पेशीच्या भट्टीला छिद्रं पडतात, तिथून एक प्रथिन बाहेर झिरपतं आणि ते कात्र्या म्यानातून काढतं. मग पेशी आपलं सामान स्वतःच कापते, पुड्या बांधते. शेजारच्या पेशी त्या पुड्या खाऊन टाकतात. आवाज नाही, गोंधळ नाही.

“म्हणजे चार्ज देऊन निवृत्त व्हायचं,” कुलथे म्हणाले.

“अगदी तसंच, काका. आणि तुमच्या गाठीतल्या पेशी म्हणजे वय उलटून गेलं तरी खुर्ची न सोडणारे लोक. त्यांच्या निवृत्तीचा आदेश केव्हाच निघालाय. त्यांनी भट्टीच्या दारात पहारेकरी बसवलेत आणि आदेश दाबून ठेवलाय. आपल्याला फक्त तो पहारेकरी हटवायचाय. निरोगी पेशीच्या दारातून हटवला तरी काही बिघडत नाही, कारण तिच्या नावाचा आदेशच निघालेला नसतो.”

सरकारी कार्यालयात आयुष्य काढलेल्या माणसाला याहून जास्त समजावावं लागलं नाही.

चारशेपैकी तीनशे नव्याण्णव खळगे काळे राहिले. दोनशे सतरावा दिव्यासारखा उजळला. शंभरातल्या अठ्ठ्याहत्तर पेशींनी चार्ज दिला होता, आणि शेजारच्या निरोगी पेशी जागच्या हलल्या नव्हत्या. त्या खळग्यात रुसवेलीचा अर्क होता. अकोले तालुक्यातल्या डोंगरात, कड्याच्या सावलीला वाढणारी ही वेल. शास्त्रात तिला अकरा अक्षरी नाव आहे आणि ते शोधणाऱ्या साहेबाच्या आडनावाने संपतं.

तपासणीपुरता अर्क शीतकपाटात होता. उपचाराला पाच-सहा किलो वेल लागणार होती. तोवर अर्काचा इतिहास म्हणून एक कागद कुलथ्यांच्या हातात आला, आणि तिथे घोटाळा झाला.

कागदावर लिहिलं होतं: ‘संकलन: श्रीमती चांगुणा भांगरे. प्रमाण: तीन मुठी.’

कुलथ्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. हे नाव त्यांना माहीत होतं. बत्तीस वर्षांपूर्वी राजूरच्या बाजारात हिरडा विकणाऱ्या या बाईंचं बिनशिक्क्याचं लाकडी मापटं त्यांनी जप्त केलं होतं. आणि आता त्यांचा जीव त्याच बाईंच्या मुठीत होता. किती ग्रॅमची मूठ? कोणी पडताळली? त्यांनी त्या रात्री न लिहिता दुसऱ्या दिवशी सकाळी, नीट आंघोळ करून, रुग्णालयाच्या संचालकांना अकरा पानी अर्ज लिहिला. औषधाची वनस्पती अशा अप्रमाणित पद्धतीने गोळा होणं हे रुग्णांच्या दृष्टीने धोक्याचं असून, रुग्णालयाच्या स्वतःच्या पॉलिहाऊसमध्ये वाढवलेली, यंत्राने कापलेली आणि ग्रॅमवर मोजलेली वेलच वापरावी.

संचालकांनाही पॉलिहाऊसचं काहीतरी करून दाखवायचंच होतं. अर्ज तीन दिवसांत मंजूर झाला. सरकारी नोकरीत कुलथ्यांचा एकही अर्ज इतक्या लवकर मंजूर झाला नव्हता, तेव्हाच त्यांना शंका यायला हवी होती. यापुढे वेलीची गरज नाही, असा निरोप चांगुणाबाईंना गेला.

*

पॉलिहाऊसची वेल देखणी होती. पान न् पान सारखं. यंत्राने सकाळी सहा वाजता सहा किलो कापली, एक ग्रॅमही इकडचा तिकडे नाही. अर्क आप्पेपात्रात गेला. दोनशे सतरावा खळगा काळाच राहिला.

डॉक्टर सातभाईंनी तीनदा करून पाहिलं. शंभरात चार पेशी मेल्या, आणि तेवढ्या तर साध्या पाण्यातही मरतात. पॉलिहाऊसची माती बदलली, पाणी बदललं, दिवे बदलले. यात पाच आठवडे गेले. गाठ पाच पूर्णांक दोन झाली. आणखी सहा आठवड्यांनी कुलथ्यांचं यकृत कुठलंच औषध सोसण्याच्या स्थितीत राहणार नाही, हे डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं. मोजलं कशाने, हे या वेळी कुलथ्यांनी विचारलं नाही. प्रमिलाबाईंना ते फार लागलं. कुलथ्यांनी विचारायला हवं होतं.

मग कुलथे म्हणाले की आहे तोच अर्क द्या. चार तर चार.

“नाही देणार,” डॉक्टर म्हणाल्या. “कमजोर डोस म्हणजे त्या पेशींना इशारा. त्या मरत नाहीत, शहाण्या होतात. एकाच्या जागी पाच पहारेकरी बसवतात. मग खरं औषध मिळालं तरी उपयोग नाही.”

“मग खरं औषध कुठंय?”

“माहीत नाही, काका. बाईंना विचारायला हवं. पण त्यांना आपणच नको म्हणून कळवलंय.”

आपणच म्हणताना त्यांनी कुलथ्यांकडे पाहिलं नाही. चांगल्या घरातल्या होत्या.

*

चांगुणा भांगरे ओसरीवर हिरडा वाळत घालत होत्या. सत्तरी ओलांडलेल्या, कपाळावर गोंदण, पाठ ताठ. रुग्णालयाची गाडी डोंगरवाटेवर जिथे थांबली तिथून पाऊण तास चालून तिघं आले होते. कुलथे दर वीस पावलांवर देखावा पाहायला थांबत होते, आणि देखावा कुठे आहे हे प्रमिलाबाईंनी एकदाही विचारलं नव्हतं.

चांगुणाबाईंनी पाणी दिलं, गूळ दिला, आणि कुलथ्यांकडे बराच वेळ पाहिलं.

“राजूरच्या बाजारातलं साहेब ना तुम्ही? माझं मापटं कुठंय?”

कुलथ्यांनी एकतीस वर्षांत खोटं बोलायची सवय लावून घेतली नव्हती. “नियमाप्रमाणे फोडलं,” ते म्हणाले.

“त्यात हिरडा जास्ती बसायचा, साहेब. सरकारी मापापरीस मूठभर जास्ती. माझ्या सासूनं करून घेतलं व्हतं तसं.”

“माहीत आहे. मी मोजलं होतं,” कुलथे म्हणाले. “जास्त भरत होतं, म्हणूनही ते अप्रमाणितच होतं.”

चांगुणाबाई हसल्या. त्यांना चार दात होते आणि चारही त्या हसण्यात सामील झाले. आजवर कमी भरणाऱ्याला पकडणारे खूप पाहिले, पण जास्त भरणारीला पकडणारा हा एकच, असं त्यांनी प्रमिलाबाईंना सांगितलं. असल्या माणसाचा संसार केलात, तुमची धन्य. प्रमिलाबाईही हसल्या. बऱ्याच महिन्यांनी.

मग डॉक्टरांनी वही काढली आणि एकेक विचारायला सुरुवात केली. कुठल्या कड्याची वेल? कोवळी की जून? वाळवता का? चांगुणाबाईंनी सगळं सांगितलं, आणि ते सगळं रुग्णालयाच्या जुन्या फॉर्मवर आधीच लिहिलेलं होतं. बेचाळीस रकाने होते आणि बेचाळीसही बरोबर भरलेले होते. पॉलिहाऊसमध्ये त्यातलं सगळं पाळलं होतं. डॉक्टरांनी वही मिटली. त्यांचा चेहरा पाहून चांगुणाबाईंना वाईट वाटलं असावं.

“पर तुमच्या यंत्रानं तिला सांगितलं व्हतं का?” त्यांनी विचारलं.

“काय सांगितलं?”

“आदल्या सांजंला. म्या उद्या येते म्हणून. अशी कशी कापाल? कुणाच्या घरी जेवायला जायचं तरी सांगून जातो माणूस. न सांगता कापली तर रुसती ती. नावच हाये तिचं.”

तीन वर्षांपूर्वी फॉर्म भरायला आलेल्या मुलीलाही हे सांगितलं होतं, असं त्या म्हणाल्या. डॉक्टरांनी फॉर्मची प्रत पाहिली. रकाना बेचाळीस, इतर: ‘स्थानिक श्रद्धा आढळल्या.’ डॉक्टर सातभाई चांगल्या शास्त्रज्ञ होत्या, त्यामुळे त्यांनी आदराने मान हलवली आणि काहीही लिहून घेतलं नाही. निघायची तयारी सुरू झाली.

कुलथे उठले नाहीत. त्यांनी विचारलं, “सांगता म्हणजे काय करता?”

“सांगते म्हंजे सांगते. जवळ जायाचं, आन म्हनायचं, उद्या येते गं, तयारी ठेव.”

“लांबूनच म्हणता?”

“लांबून कशी? तिला कान हायेत का?” चांगुणाबाईंना या माणसाच्या अडाणीपणाची कीव आली. “देठाला नख लावायचं. तीन जागी. पानी आलं की समजायचं, ऐकलं तिनं.”

कुलथे आपल्या उजव्या अंगठ्याच्या नखाकडे पाहत राहिले. याच नखाने त्यांनी हजारो पारड्यांची बुडं खरवडली होती.

“डॉक्टर,” ते म्हणाले, “कळवलं की माल बदलतो.”

“काय, काका?”

“एकतीस वर्षं मी कोणाला कळवलं नाही, कारण कळवलं की रात्रीत माल बदलतो. दुकानदार सावध होतो, नको ते लपवतो, हवं ते मांडून ठेवतो. सकाळी गेलात तर दुकान निराळंच असतं. या बाई संध्याकाळी कळवतात आणि सकाळी माल घेतात. आपलं यंत्र माझ्यासारखं आहे. न कळवता धाड घालतं. त्याला कालचाच माल मिळतो.”

डॉक्टर सातभाई ओसरीच्या पायरीवर पुन्हा बसल्या. वही उघडली. नखाची जखम, त्या पुटपुटल्या. पाठोपाठ एवढं भराभर बोलायला लागल्या की प्रमिलाबाईंनी त्यांच्या हातातला पाण्याचा पेला काढून घेतला. वेलीला पळता येत नाही. कोणी कुरतडायला लागलं की ती जखमेपासून सगळ्या अंगभर निरोप धाडते, आणि मग पानापानांत कडू विष रांधायला घेते. त्याला वेळ लागतो, दहा-बारा तास. म्हणजे संध्याकाळी नख, सकाळी स्वयंपाक तयार. ते विष वेलीने किड्यासाठी केलेलं. कुलथ्यांच्या गाठीच्या दारातला पहारेकरी हटवत होतं ते तेच. पॉलिहाऊसमध्ये ना किडा, ना नख. वेल आयुष्यभर निर्धास्त.

“म्हंजे मी तेच म्हनले,” चांगुणाबाई म्हणाल्या.

*

तरी डॉक्टर सातभाई शास्त्रज्ञ. चांगुणाबाईंच्या म्हणण्यातला नेमका कुठला भाग काम करतो, हे त्यांना पाहायचं होतं. पॉलिहाऊसमध्ये वेलींचे चार गट पाडले. पहिल्याला काहीच सांगितलं नाही. दुसऱ्याला रोज संध्याकाळी नुसतं तोंडाने सांगितलं. तिसऱ्याला नुसतं नख लावलं. चौथ्याला नखही लावलं आणि सांगितलंही. सांगण्याचं काम रुग्णालयाच्या वरिष्ठ तंत्रज्ञाकडे आलं. दोन विषयांत पदव्युत्तर असलेला हा गृहस्थ सायंकाळी साडेसहाला वेलीसमोर उभा राहून खाली मान घालून म्हणत असे, “उद्या येतो, तयारी ठेव.” पहिले दोन दिवस तो कुजबुजला. तिसऱ्या दिवशी चांगुणाबाई पाहायला आल्या आणि म्हणाल्या की अशानं ती कशी उठंल. त्यानंतर तो मोकळ्या आवाजात म्हणू लागला.

निकाल आला. काहीच न सांगितलेल्या वेलीचा अर्क: शंभरात चार पेशी. नुसत्या तोंडी सांगितलेल्या: चार. नुसतं नख लावलेल्या: एकाहत्तर. नख लावून सांगितलेल्या: चौऱ्याहत्तर.

खळगा पुन्हा उजळला होता. डॉक्टरांनी कुलथ्यांना पडद्यापाशी नेऊन तो दाखवला. इवल्या हिरव्या उजेडात त्यांच्याच पेशी पुड्या बांधून निघाल्या होत्या.

“नखाचंच काम आहे,” डॉक्टर म्हणाल्या. “वरचा तीनचा फरक मोजमापातल्या तफावतीच्या आत येतो. त्याला अर्थ नाही. तुमचं औषध आपण तिसऱ्या गटातून बनवू. यंत्राला प्लास्टिकचं नख बसवतोच आहोत.”

“चौथ्या गटातून बनवा,” कुलथे म्हणाले.

“काका, तीनला खरंच काही अर्थ नाही. तुम्ही तर यातलेच.”

“यातलाच आहे म्हणून सांगतो. तफावत असली तर ती कोणाच्या बाजूची आहे, हेही बघायचं असतं. राजूरला मी मोजलं होतं, पण हे बघितलं नव्हतं.”

औषध चौथ्या गटातून बनलं. नव्या फॉर्मवर एक रकाना वाढला, त्रेचाळिसावा: ‘रोपाला कळवलं होतं का? होय / नाही. असल्यास, कोणी?’ शेवटच्या शब्दावर संचालकांनी हरकत घेतली. डॉक्टर सातभाईंनी ती ऐकून घेतली आणि रकाना तसाच ठेवला. पहिल्या सगळ्या फॉर्मवर त्यापुढे चांगुणा भांगरे हेच नाव आहे. तंत्रज्ञाला त्यांनी शिकवलं असलं, तरी तो अजून शिकाऊ आहे असं त्यांचं मत होतं.

*

पहिला डोस जूनच्या दुसऱ्या आठवड्यात दिला. तीन आठवड्यांनी गाठ तीन पूर्णांक नऊ. कुलथ्यांनी विचारलं की मोजलं कशाने, आणि त्या यंत्राची शेवटची पडताळणी कधी झाली होती. प्रमिलाबाईंनी या वेळी गुडघ्यावर हात ठेवला नाही. त्यांना ते प्रश्न पूर्ण ऐकायचे होते.

डॉक्टर म्हणाल्या की लढाई अर्धीच झाली आहे. ज्या पेशी उरल्या त्या हुशार आहेत. त्यांना सावरायला सवड न देता दुसरा डोस पूर्ण जोराने गेला पाहिजे. तारीख ठरली.

आदल्या संध्याकाळी संगमनेरला प्रमिलाबाई पिशवी भरत होत्या. फाइल, शाल, धुतलेला पंचा, गुळाची डबी. गूळ चांगुणाबाईंनी पाठवलेला. गॅलरीतल्या कुंडीत नवं लिंबू लावलं होतं. हल्ली कुठल्याही झाडाला हात लावायच्या आधी त्याच्याशी दोन शब्द बोलायची त्यांना सवय लागली होती, आणि कुलथे त्याबद्दल काही बोलत नसत. पिशवीची चेन ओढून त्या खुर्चीपाशी आल्या, कुलथ्यांच्या उजव्या बरगडीखाली हलकेच तळवा ठेवला, आणि सवयीनेच म्हणाल्या, “उद्या...”

कुलथ्यांनी पटकन त्यांच्या हातावर हात ठेवला.

“गाठीला नको,” ते खालच्या आवाजात म्हणाले. “कळवलं की वजनं बदलतात.”

प्रमिलाबाईंनी तळवा उचलला नाही. क्षणभर विचार केला, मग बरगडीकडे पाहत, आत नीट ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या,

“उद्या आपल्याला नाशिकला बारशाला जायचंय हो. सकाळची एसटी आहे. निवांत झोपा.”